रोमतभाभीची नक्कल

नणंदेनं भावजयीचं कौतुक केलेलं कुणी फारसं ऐकलं नसेल. मीही आयुष्यभर केलं नाही. पण आमच्या वांढीत, खाडीकाठच्या उंटवाल्यांच्या या वस्तीत, हल्ली जो तो अलानाअदाच्या उंटांची गोष्ट सांगतो आणि त्यात माझ्या भाभीला कुठंतरी कोपऱ्यात बसवतो. ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. म्हणून मीच सांगते.

रोमत माझ्या मोठ्या भावाची, अलानाअदाची बायको. लग्न होऊन आली तेव्हा अंगानं काडी आणि नाकात तिला न पेलवणारी नथ. पहिल्याच आठवड्यात आमच्या पख्यामागून, गवताच्या झोपडीमागून, टिटवी केकाटल्याचा आवाज आला. आमची अमा धावत बाहेर गेली. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, आणि कुणी जवळ आलं की ओरडून ओरडून त्याला भलतीकडेच नेते. अंड्यांवर शेळ्यांचा पाय पडू नये म्हणून अमा वाकून खडे बघत फिरली. मागं वळून बघते तर नवी सून तोंडावर ओढणी दाबून हसतेय!

"सून आणली की सर्कस?" अमा म्हणाली. पण त्या दिवसापासून अमा तिच्यावर भाळली. मी नाही. मला तेव्हा ती आगाऊ वाटली होती.

रोमत सगळ्यांच्या नकला करायची, आणि त्यात चूक सापडायची नाही. मी एकदा तिच्याशी पैज लावून गाढवासारखी ओरडले. ती म्हणाली, "हुरां, हे तर तुझ्या नवऱ्याला हाक मारल्यासारखं झालं. गाढव श्वास सोडताना ओरडतं तसं घेतानाही ओरडतं. तू नुसतं सोडलंस." मी चरफडत शेजारच्या गाढवापाशी जाऊन उभी राहिले. खरंच होतं. जन्म गाढवांच्या सोबतीत गेला आणि हे कधी कानावर घेतलं नव्हतं.

नक्कल करायची तर आधी बघावं लागतं, असं ती म्हणे. ओहोटीला चिखलात सुळसुळणारे मासे असतात ना, कल्ल्यांत पाणी धरून जमिनीवर हिंडणारे, त्यांच्यासमोर ती हातातलं काम टाकून उकिडवी बसायची. संध्याकाळी कोल्हे खेकडे खायला किनाऱ्यावर उतरत. एक ओरडला की खाडीभर उत्तरं यायची. आम्ही म्हणायचो भुकेनं रडतात. ती म्हणायची, "रडतात कुठले! कोण कुठं आहे ते विचारतात. एकमेकांची खबर घेतात, तुमच्यासारखे."

ती हरली फक्त शेळीपुढं. तिनं करडाचा आवाज इतका हुबेहूब काढला की माझा ऊर भरून आला. पण शेळी ढिम्म. शेळी आपल्या करडाचा आवाज शंभरांत ओळखते. "आईला फसवता येत नाही," रोमत म्हणाली, आणि पुन्हा कधी शेळीच्या वाटेला गेली नाही.

तिच्या थट्टेचं मुख्य गिऱ्हाईक मात्र माझा भाऊ. अदा म्हणजे सहा फूट उंचीचा मुका डोंगर. बोलायचा ते उंटांशी. थंडीत नर उंट माजावर येतो, तोंडातून लाल फुगा बाहेर काढून गुडगुड करतो. अदा नवं धोतर नेसून जत्रेला निघाला की ही गाल फुगवून त्याच्यामागं तशीच गुडगुडत जायची. तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल व्हायचा आणि वळून बघायचा नाही.

आणि रोज जेवायला बोलवायची ती त्याच्याच हाकेनं.

आमच्याकडं उंटांच्या प्रत्येक मालकाची हाक वेगळी. पाण्यावर चार कळप एकमेकांत मिसळले तरी मालकानं हाक दिली की त्याचे तेवढे उंट बाजूला होतात. अदाची हाक आमच्या आजोबांची. आधी पोटातून आलेला लांब हुंकार, मग जिभेचे टाळूवर चटचट वाजणारे चटके, आणि शेवटी आवाज हळूच खाली सोडून दिलेला. आमचे उंट खारई. खाडी पोहून पलीकडच्या बेटावर जातात, तिवरं खातात आणि पाण्याच्या वेळी मालकाच्या हाकेवर पोहून परत येतात. बेटावर गोडं पाणी नाही. हाक ऐकली की लाखी, कळपातली सगळ्यांत म्हातारी सांडणी, पुढं होते, आणि तिच्यामागं बाकीचे पाण्यात उतरतात. लाखीनं पाय घातला नाही तर एकही घालत नाही.

रोमत तीच हाक पख्याच्या दारातून द्यायची, पण शेवटी आवाज खाली सोडण्याऐवजी नाकातून वर चढवायची आणि चटके असे मारायची की म्हशीनं चिखलातून पाय काढावा. सगळी वांढ हसायची. दावणीचे उंट रवंथ करत बसून राहायचे, कान हलवायचे नाहीत. अदा तेवढा उठून जेवायला यायचा.

गेल्या पावसाळ्यात अदाचा घसा बसला. पाऊस चांगला झाला होता, बेटावर खड्ड्याखड्ड्यांत गोडं पाणी साचलं होतं, म्हणून त्यानं कळप तिकडं सोडला आणि औषध घेऊन दोन दिवसांत येतो म्हणून भुजला गेला. अशा दिवसांत आम्ही सगळेच कळप मोकळे सोडतो. पण घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला. आवाज वाचवता आला नाही. अदा परत आला तो गळ्याला पट्टी बांधून, आणि तोवर पावसानं पाठ फिरवली होती. ऊन असं की बेटावरचे खड्डे तळाला गेलेले. वर अमावास्येचं उधाण तोंडावर. उधाणाचं पाणी बेटावर चढलं की उरलंसुरलं गोडं पाणी खारट होणार. मोठे उंट तग धरतील. पाजत्या सांडण्यांचं दूध आटलं की पिल्लं मरणार.

मुसानं, अदाच्या लहानपणापासूनच्या दोस्तानं, होडी घालून आपली हाक दिली. लाखी तिवरांत आणखी आत गेली. पोरं हाकायला उतरली तर गुडघाभर चिखलात रुतली आणि कळप पार पलीकडच्या टोकाला पळाला. कुणाच्या तरी फोनमध्ये लग्नाच्या व्हिडिओत अदाची हाक होती. ती भोंग्यावर लावली. लाखीनं कान टवकारले, भोंग्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. पत्र्यातून आलेला धनी तिला पटला नाही. अदा किनाऱ्यावर उभा राहून तोंड उघडायचा, आणि नुसती हवा यायची. ते बघवत नव्हतं.

उधाणाच्या आदल्या दिवशी सकाळी मीच म्हणाले, "भाभी, तू दे ना हाक."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आमच्यात शेळ्या, म्हशी बायकांच्या. उंटाला हाक पुरुषानं द्यायची.

"हुरां, वेड लागलंय का?" मुसा म्हणाला. "किनाऱ्यावर बाईमाणूस ओरडणार? आणि भाभीच्या हाकेला घरचे उंट कान हलवत नाहीत, बेटावरचे काय येणार!"

"तुझ्या हाकेनं तर ते उलटे पळाले," मी म्हणाले. "मिशीला विचार, ती काय कामाची."

 जिची जीभ आयुष्यात कधी थांबली नाही ती रोमत खाली मान घालून उभी होती. मग म्हणाली, "अगं, मी ती थट्टेत करायचे. खरी कधी केलीच नाही."

अदानं पुढं येऊन स्वतःची काठी तिच्या हातात दिली. म्हणजे निकाल लागला.

भरती चढून पाणी थांबण्याची वेळ आम्ही धरली. रोमत खडकावर चढली आणि हाक दिली. शेवटी आवाज नाकातून वर चढलाच; इतक्या वर्षांची सवय. मागं कुणीतरी फिसकन हसलं. बेटावर काही हललं नाही. मला ती शेळी आठवली.

रोमतनं अदाकडं पाहिलं. अदानं हाताचा पंजा उघडून हळूच खाली आणला, झोपलेल्या पिल्लाच्या पाठीवर ठेवावा तसा. खाली सोड. वर नको चढवू.

तिनं डोळे मिटले. पोटातून लांब हुंकार आला, मग चटके, मग आवाज हळूच खाली सुटला. मी खोटं सांगत नाही, अदानं दचकून मागं वळून पाहिलं, जणू त्याच्यामागं तोच उभा होता. माझे आजोबा, माझा बाप, माझा भाऊ, तिघं त्या हाकेत होते. मी रडले. मुसाही रडत होता, पण तो म्हणतो डोळ्यांत खारं पाणी उडालं.

तिवरं हलली. लाखी कडेला आली, थांबली, कान पुढं केले. रोमतनं पुन्हा हाक दिली. लाखी पाण्यात उतरली. तिच्यामागं सांडण्या, सांडण्यांच्या आडोशाला पिल्लं. पाण्यावर नुसत्या माना आणि मदारींची टोकं. मधल्या धारेत एक पिल्लू मागं पडायला लागलं तेव्हा रोमतचा आवाज फाटला. पण ती थांबली नाही, शेवटचं पिल्लू चिखलाला लागेपर्यंत.

लाखी निथळत वर आली. उंट उंटाला भेटला की नाकाशी नाक नेऊन फुंकर घालतो, तोच त्यांचा रामराम-सलाम. ती खडकापाशी गेली, रोमतचं तोंड हुंगलं, घोटाळली. मग वळून अदापाशी गेली आणि त्याच्या पट्टीवर, तोंडावर जोरानं फुंकर घातली. अदानं तिच्या मानेला मिठी मारली. पाण्याच्या हौदावर मग कळपाची जी झुंबड उडाली, ती बघून माझं मन भरलं. माझ्या भाभीसारखी बाई या खाडीच्या दोन्ही काठांवर नाही.

त्या संध्याकाळी रोमतनं बाजरीचे रोटले केले, दुधाचा कटोरा ठेवला आणि दारात येऊन साध्या आवाजात म्हणाली, "चला, जेवून घ्या."

अदा खाटेवरच बसून राहिला.

"चला ना. गार होतंय."

अदानं मान हलवली आणि स्वतःच्या गळ्याकडं बोट दाखवलं, मग तिच्याकडं.

"नको हो," ती म्हणाली. "आता थट्टा करवत नाही मला."

अदानं काठी जमिनीवर आपटली. एकदा, मग पुन्हा. शेवटी रोमतनं डोळे पुसले, गाल फुगवले आणि हाक दिली. ती जुनीच, नाकातून वर चढणारी, म्हशीच्या पायांच्या चटक्यांची. अदाचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण तो हसत होता. हसत हसतच उठला आणि जेवायला आला.

दावणीत लाखी रवंथ करत होती. तिनं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. ती हाक आपल्यासाठी नाही, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.