गिटारीच्या पोटातली खुडखुड

लेकीने गिटार उचलली की आत काहीतरी खुडखुडतं आणि मला आजही तो विमानतळ आठवतो.

सौदीत नोकरीला असलेल्या नवऱ्याची ही गिटार घेऊन मी एकटीच दम्मामला उतरले होते. विमानात गिटारीची मान मोडू नये म्हणून त्याने फोनवर सांगितल्याप्रमाणे तारा सैल केल्या होत्या. कस्टमवाल्याने त्यांतून हात घातला आणि काळी, चिकट पुडी बाहेर काढली.

"ये क्या है?"

मी ती ठेवलीच नव्हती! पुडी फुटली, एक तुकडा परत गिटारीत पडला, आंबट वास आला. गिटारीतली एवढी जागा फुकट कशाला घालवायची, म्हणून सासूबाईंनी आमसुलं कोंबली होती. मी एक तोंडात टाकलं. तो हसला. "यल्ला, जाव."

तेव्हा सासूबाईंचा भयंकर राग आला होता. आता त्या नाहीत.

"अम्मी, अंदर का टुकड़ा निकाल दूँ?" लेक विचारते.

मी काढू देत नाही.