कांजिण्या फुफ्फुसात उतरल्या तेव्हा

"व्हॅरिसेला न्यूमोनिया," लातूरचे डॉक्टर एक्स-रे उजेडावर धरून म्हणाले. "म्हणजे कांजिण्यांचा विषाणू फुफ्फुसात उतरलाय. फोड उठून किती दिवस झाले?"

"पाच," मी म्हणाले.

त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. मग नर्सला बोलावून त्यांनी माझ्या मिस्टरांना आयसीयूत हलवायला सांगितलं.

मी उदगीरला शिक्षिका आहे. माझे मिस्टर, शिवकुमार, चष्म्याचं दुकान चालवायचे. वय सेहेचाळीस. आमची एकुलती एक श्रावणी लातूरला मेडिकलच्या क्लासला होती. होस्टेलच्या खोलीत चौघी. एकीच्या अंगावर फोड आले, पण टेस्ट बुडेल म्हणून तिनं सांगितलंच नाही. पंधरा दिवसांनी श्रावणीला ताप आला आणि शिवकुमार तिला घरी घेऊन आले.

तिचं सगळं त्यांनीच केलं. ती खाजवू नये म्हणून हात धरून बसायचे. माझ्या लहानपणी, त्र्याण्णवच्या भूकंपानंतर माहेरचे आम्ही सगळे पत्र्याच्या शेडात राहत होतो, तेव्हा मला कांजिण्या होऊन गेल्या होत्या. त्यांना कधीच झाल्या नव्हत्या. मी त्यांना जपून राहायला सांगितलं, तर म्हणाले, "लेकरांचा आजार हाय तो. मला काय होतंय!"

श्रावणी बरी होऊन परत गेली. दोन दिवसांत त्यांच्या छातीवर पाण्यानं भरलेले फोड उठले.

"लई आग व्हायली गं," ते म्हणाले. "डॉक्टरला दाखवू का?"

"अंगावर देवी आली आहे, औषध देऊ नका," सासूबाई म्हणाल्या.

मी मुलांना विज्ञान शिकवते. तरी मीच म्हणाले, "श्रावणीचं आपोआप गेलं ना? दोन दिवस बघू." उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला.

चौथ्या दिवशी कोरडा खोकला सुरू झाला. पाचव्या दिवशी मोरीपर्यंत जाताना धाप लागली, ओठ काळेनिळे पडले.

आयसीयूबाहेरच्या बाकावर डॉक्टरांनी मला समजावलं. मोठ्यांना कांजिण्या जड जातात. असायक्लोव्हिर नावाचं, विषाणूची वाढ रोखणारं औषध असतं. फोड उठल्यावर चोवीस तासांच्या आत सुरू केलं तर त्याचा उपयोग जास्त. आता ते सलाइनमधून देत होते. मग शिवकुमारना व्हेंटिलेटर लावला, म्हणजे श्वास मशीन घेणार. त्यानंतर त्यांचं बोलणं बंद झालं.

फोड उठल्यापासून नवव्या दिवशी सकाळी ते गेले.

श्रावणीनं जेवण सोडलं. आरशात अंगावरचे डाग बघत बसायची. "मीच आणला ना गं आजार घरात?" एवढंच विचारायची.

शेवटी मी तिला लातूरच्या त्याच डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "बेटा, फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच हा आजार पसरतो. तुला कळायच्या आधीच तो तुझ्याकडून गेला असेल. त्यात तुझा काय दोष? आणि औषध वेळेवर सुरू करणं मोठ्यांच्या हातात होतं."

'मोठ्यांच्या' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

घरी आल्यावर मी तिला सांगितलं. "बाबांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरला दाखवू का म्हणून विचारलं होतं. मी थांबवलं."

 ती उठून आजीच्या खोलीत गेली.

ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत, त्यांनी डॉक्टरांना लसीबद्दल विचारा. मोठ्यांनाही ती घेता येते, दोन डोस असतात. घरात गरोदर बाई असेल तर तिला ही लस चालत नाही, म्हणून आजाऱ्यापासून तिला लांब ठेवा आणि डॉक्टरांना लगेच सांगा. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत आजारी माणसाला वेगळं ठेवा. मोठ्या माणसाला फोड उठले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

श्रावणी आता पुन्हा लातूरला आहे. जेवते, अभ्यास करते. फोनवर माझ्याशी मोजकं बोलते. तिच्या मनातलं ओझं माझ्याकडे आलं, आणि ते माझंच होतं.