स्वल्पविरामापुढची थरथर

लझहर म्हाताऱ्याला भास होतात, असं वाळवंटाकाठच्या आमच्या केबिली गावात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. बायको मबरूका वर्षापूर्वी गेली, लेक हादिया लग्न होऊन दूर सफाक्स शहरात, आणि हा पंपाचा तंत्रज्ञ दिवसभर गावाबाहेर विहिरीच्या पंपाजवळ एकटा. मग काय काय ऐकू येणार नाही माणसाला? लोकांच्या जिभेला हाड नसतं.

लझहरचं म्हणणं एवढंच होतं की पंप थरथरतोय. पाइपावर तळवा ठेवला की कळायचं, आतलं बेअरिंग खिळखिळं झालंय. पंप बसला तर ऐन उन्हाळ्यात खजुरांच्या बागा वाळणार. पण संगणकाच्या पडद्यावर थरथरीची रेघ सपाट, एक या आकड्यावर आडवी. दीडच्या वर गेली तरच पंप बंद करायचा, असा नियम.

"लझहरकाका, रेघ बघा की!" इंजिनिअर शिहाब फोनवर म्हणाला. "पंप शांत आहे. अस्वस्थ तुम्ही आहात."

"माझा हात खोटं बोलतो काय रे?"

"हात नाही हो, एकटेपणा. काकू गेल्यापासून धड जेवता तरी का? उद्या डॉक्टरकडे जाऊ. त्यांनी लिहून दिलं की मुदतीआधी निवृत्ती. सुखात राहा."

सुखात म्हणे! फोन ठेवून लझहरने चार शिव्या हासडल्या, पण ऐकायला भिंतीच. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. घरी मबरूकाच्या बांगड्या त्याला खरोखरच दोनदा ऐकू आल्या होत्या. पंपाचंही तसंच असेल तर? विचारायचं कुणाला? जिला विचारलं असतं, तीच नव्हती.

तो ठाण मांडून पडद्यासमोर बसला. मोजणीचा प्रोग्राम त्यानेच आठ वर्षांपूर्वी बनवला होता. त्यात ओळी लिहायच्या नसतात. चौकोन मांडायचे आणि तारा जोडायच्या. पंपावरच्या यंत्राकडून आकडा मजकूर म्हणून गुलाबी तारेतून यायचा. एक चौकोन त्याची संख्या करून नारिंगी तारेतून रेघेकडे धाडायचा. तारेवर टिचकी मारली की आत काय वाहतंय ते दिसतं. गुलाबी तारेत १,९. नारिंगीत नुसता १.

आमच्याकडे शाळेपासून अपूर्णांक स्वल्पविरामानेच लिहितात, त्यामुळे १,९ कुणाला खटकलंच नव्हतं. जुना संगणक आमच्यासारखाच, फ्रेंच वळणाचा. महिन्यापूर्वी देणगीत आलेला नवा मात्र इंग्रजी वळणाचा, त्याला टिंब लागतं. स्वल्पविराम दिसला की आकडा संपला असं समजून हा पठ्ठ्या पुढचं सगळं खुशाल टाकून देत होता. आणि वेडा कोण, तर लझहर! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

त्याने मध्ये आणखी एक चौकोन जोडला, स्वल्पविरामाचं टिंब करणारा. रेघ टुणकन वर उडाली आणि थरथरू लागली. लझहरने पंप बंद केला, शिहाबला बोलावून घेतलं.

दुपारी मोटर उघडली. बेअरिंगचा पार भुगा झाला होता.

"काका, चुकलो," शिहाब म्हणाला.

"कान धर."

इंजिनिअरने सगळ्यांदेखत कान धरला. बागवाले हसले, लझहरच्या पाठीवर थापा पडल्या, आणि चहा संपताच जो तो आपल्या वाटेने गेला. ही बातमी पोटात ठेवून घरी जाणं लझहरच्या जिवावर आलं. त्याने हादियाला फोन लावला.

"पोरी, तुझा बाप वेडा नाही गं!" त्याने सगळं सांगितलं, एका दमात.

पलीकडून तिने एवढंच विचारलं:

"म्हणजे आता निवृत्ती नाही?"

"छे! कोण काढतंय मला?"

"शिहाबने गेल्या आठवड्यात कळवलं होतं मला. वाटलं, निदान त्या निमित्ताने तरी तुम्ही इकडे याल. एरवी थोडेच ऐकता? खोली रंगवून घेतली मी, बाबा."

लझहरच्या अगदी ओठांवर आलं होतं, येतो. फार वाटलं त्याला. पण आत्ता कुठे तो गावापुढे खरा ठरला होता.

"नवं बेअरिंग येईल ना," तो म्हणाला. "बसवताना कुणीतरी हवं इथं."

"हो बाबा," हादिया म्हणाली. "इथंही हवं होतं."