कोंढ्यात आता ओळ तू देतेस

ये वंदने, अशी जवळ बस. फोनवर "ताई, आवाज कटून राहिला" म्हणून निसटतेस, कागदावरून कशी निसटशील? थोडं बोलाचं आहे तुले. तू माझी धाकटी जाऊ, माझ्याजवळ बसून गाणी शिकलेली, म्हणून बोलते. परकीले कोण बोलते?

मी आपलं कोंढा गाव सोडलं त्या दिवशी टेम्पो अंगणात उभा होता. पलंग चढला, धानाची कोठी चढली, तुझ्या भासऱ्यांचा, माझ्या मालकांचा, फोटो मी मांडीवर घेते म्हणून बाजूले ठेवला. ते गेल्यावर आईनं एकटीनं राहू नये, म्हणून पोरगा मले वरठीले नेऊन राहिला होता. त्याची नोकरी तिथल्या कारखान्यात, घरही तिथंच, भाड्याचं. चर्चच्या मंडळीतल्या साऱ्या बाया निरोपाच्या प्रार्थनेले आल्या. पाळकांनी आमेन म्हटलं. आता गाणं, म्हणून मी पदर सावरला, गळा साफ केला. तेवढ्यात तू उचललंस. माझ्याच निरोपाचं गाणं, वंदने. मी उघडलेलं तोंड मिटलं अन् तुझ्या मागून म्हणू लागली. डोळ्याले पाणी आलं तं बायाइले वाटलं, घर सुटते म्हणून रडून राहिली. वाटू देलं मी.

आपल्या मंडळीत पेटी नाही. गाण्याची पुस्तकं दोन-चार, अन् वाचणाऱ्या बाया त्याहून कमी. म्हणून एकीनं ओळ द्याची अन् बाकीच्याइनं ती मागून म्हणाची, हे आपलं चालत आलेलं. माहेरी माझी आई ओळ देत होती, मग कोंढ्यात मी. आई म्हणे, "गळा देवानं देला, तं झाकून नाही ठेवाचा. मंडळीले वाढाचा." मी शाळेत गेली नाही. पाठ असलेल्या गाण्यावर बोट ठेवून ठेवून अक्षरं ओळखली, तीच अक्षरं हे लिहून राहिली. म्हणजे ओळ देणं काही माझा शौक नव्हता. माझं सारं त्यातूनच आलं.

वरठीचं चर्च मोठं आहे. फरशी, पंखे, कीबोर्ड, माईक, अन् भिंतीवर गाण्याचे शब्द दिसणारा पडदा. पहिल्याच रविवारी पाळकांनी गाणं सांगितलं. ओळखीचं होतं. मी सवयीनं खणखणीत ओळ देली अन् साऱ्याइनं मागून म्हणावं म्हणून थांबली. कोणीच म्हणेना. कीबोर्डवाली पोट्टी तं अजून सुरुवातीचंच वाजवून राहिली होती. सारं चर्च मागं वळून पाहे. सून हळूच म्हणे, "आई, थांबा जरा." मागून एक माणूस म्हणे, "आजीची गाडी टायमाच्या आधी सुटली." हसले सारे, मीही हसली. घरी आल्यावर जेवली नाही.

मग पाळकांनी कृपादानावर संदेश देले. देवानं प्रत्येकाले काही तरी देलं आहे, ते मंडळी उभी कराले वापराचं, असं समजावलं. मग एकेकाले विचारलं, तुमच्याजवळ काय आहे? कोणी म्हणे वाजवतो, कोणी म्हणे लेकराइले शिकवते, एक पोरगा तं म्हणे पडदा मी सांभाळतो. माझी पाळी आली तं मी म्हटलं, "मी ओळ देते."

"कशाची ओळ, आजी?"

सांगितली रीत. माणूस चांगला आहे, पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणे, "आता पडदा आहे ना, आजी." अन् मले उपासनेआधी चहा देणाऱ्या टीममध्ये घातलं. चहा हीही सेवाच, ते मले समजते, तू नको समजावू. पण कप भरताना माझी नजर त्या पोट्टीच्या बोटांवर राहे. जळली मी तिच्यावर. पण तुझ्यावर जास्त जळली. तिनं माझं काही घेतलं नव्हतं.

आपल्या मंडळीतून नागपूरले, पुण्याले गेलेल्या बायाहो, वंदनेनं हा कागद फोनवर तुम्हाले पाठवला तं सांगा, तुमच्या जागी तिकडे कोण बसलं? अन् चांगलं करून राहिली का? चांगलं करत असेल तंच जास्त झोंबते.

मले ते कापणीच्या सणाच्या दिवशी समजलं. तू व्हिडिओ पाठवला होतास. समोर नव्या धानाच्या पेंढ्या, बाया दाटीनं बसलेल्या, अन् मधात तू. मी चूक शोधाले बसली, खरं सांगते. अन् सापडली. तू ओळ देतेस अन् जास्तच थांबतेस. मी सुनेले म्हटलं, "पाह्य, ताल सोडते ही."

सून म्हणे, "आई, ती त्या म्हातारीसाठी थांबून राहिली."

आपली बनाबाई. दात नाही, दम नाही, शब्द उशिरा निघते. माझ्या वेळी ती नेहमी अर्ध्या ओळीत अडके, तोवर मी पुढची देऊन मोकळी. ते मले कधी दिसलंच नव्हतं. अन् तू तिचं तोंड मिटेपर्यंत थांबून राहिलीस, वंदने. अन् बनाबाई गाऊन राहिली, पूर्ण. तो व्हिडिओ मी पुन्हा लावाले सांगितला. मग सुनेले म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे. मीठ बरोबर होतं.

पुढच्या रविवारी रिकामे कप गोळा करत मी मागच्या बाकापाशी आली. गाणं सुरू होतं. तिथं फुलमती बसली होती. छत्तीसगडची, नवरा तिचा कारखान्यात ठेकेदाराकडे आहे. पडद्याकडे पाहून ओठ हालवे, शब्द निघत नव्हता. वाचता न येणाऱ्या बाईचे ओठ मी लहानपणापासून ओळखते. ट्रे खाली ठेवला, तिच्या बाजूले बसली अन् कानात ओळ देली. अन् थांबली. तिनं म्हटली. तोवर कीबोर्ड पुढं निघून गेला होता. जाऊ देला आम्ही. गाणं संपून लोक खाली बसले तरी आमची शेवटची ओळ चालूच होती.

आता तिथं आणखी दोघीतिघी बसतात. पाळक पाहतात, अन् गाणं पुढं नेतात. चहा माझ्याकडेच आहे. अन् थांबणं? ते मी तुझ्याकडून घेतलं. हे लिहिताना मले गोड लागून नाही राहिलं, पण खरं आहे म्हणून लिहिते. सून म्हणते, आता तं राग सोडा. राग कुठं आहे? जळणं आहे, अन् ते आहे तसंच आहे. कोंढ्याचं नाव निघालं का मले तू दिसतेस, मधात बसलेली.

कोंढा माझं घर होय का, असं विचारशील तं आता मी तिथं पाहुणी. मी नसली तरी गाणं सुरू होते तिथं. इथं त्या बाकावरच्या बाया, मी कप ठेवून येईपर्यंत तोंड उघडत नाहीत. तेवढंच घर आहे सध्या. लहान आहे, पण आहे.

तू ये, वंदने. धान चुरून मळणी आटोपली का दोन दिवस काढ, रविवार धरून ये. स्टेशनाजवळच घर आहे, पोरगा घ्याले येईल. आमच्या बाकावर जागा करते तुले. पण तिथं ओळ मी देईन अन् तू मागून म्हणशील. त्यासाठी तरी लवकर ये.