मनकर्णाबाईचा कान

हिंगोलीकडच्या पुसेगावात कुणाला खोकला झाला की आधी मनकर्णाबाईपुढे जाऊन खोकायचं, असा सत्तरच्या दशकात रिवाजच होता. जुनी माणसं अजून तिची आठवण काढतात. बाई औषध देत नसे की अंगारा लावत नसे. हातातलं खुरपं खाली ठेवून नुसती ऐकायची. नाक वाहतंय, घसा खवखवतोय, तर साधं पडसं. खोकता खोकता लेकरू निळं पडून शेवटी ओकलं, तर डांग्या. श्वास सोडताना छातीत शिट्टी वाजली, तर दमा. सहसा चुकायची नाही, आणि याची तिला घमेंडही होती. असू द्यावी माणसाला तेवढी.

हळद घासायच्या हंगामात मात्र तिचं काम सोपं. हळकुंडं घासायचा लोखंडी ढोल फिरू लागला की पिवळ्या धुळीनं सगळे मजूर खोकायचे आणि हंगाम सरला की आपोआप बरे व्हायचे. एका साली तिचा नवरा रामजीही खोकू लागला.

"हळदीचा हाय, जाईल," बाईनं मान वर न करताच सांगून टाकलं.

हंगाम सरला. बाकीच्यांचे खोकले गेले, रामजीचा राहिला. तीन आठवडी बाजार उलटले. आपला कान चुकला हे कबूल करणं बाईच्या जिवावर आलं होतं. एकदा दिवस मावळताना तिनं त्याच्या हाती पाण्याचा तांब्या दिला, तर हात तापलेला. सदराही अंगावर ढगळ झालेला. रोज सांजच्याला कणकण येते, हे तेव्हा कुठं त्यानं सांगितलं.

"मग बोलले काहून न्हाई तुमी?"

"तू म्हणलीस हळदीचा हाय. सारं गाव तुझं ऐकतं, मी कसं न्हाई ऐकू?"

सकाळच्या एसटीनं ती त्याला हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. थुंकी तपासली, क्षय निघाला. दीड वर्ष सुया अन् गोळ्या चालल्या, तेव्हा रामजी वाचला.

लोक तरी येऊन खोकतच राहिले. बाई ऐकायची, ताप येतो का, अंग उतरलं का विचारायची आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवायची.

"माझ्या कानावर जाऊ नका. तीन बाजार खोकला ऱ्हायला की हिंगोलीची गाडी धरा. माझ्या शहाणपणानं माझाच माणूस चालला होता."