गोटीरामनानांची लाल गाडी

मखमलाबादच्या गोटीरामनानांनी जाळीतला, म्हणजे क्रेटमधला, वरचा टोमॅटो कधी हातात घेतला नाही. वरचा टोमॅटो विकणाऱ्यानं दाखवायला ठेवलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. स्वतःच्या मळ्यातला माल आणि गावातल्या दोनचार जणांकडून घेतलेला, असा सगळा ते पंचवटीच्या मार्केट यार्डात नेत. घेताना बाही वर सारायची, हात कोपरापर्यंत जाळीत खुपसायचा आणि तळातलं फळ वर काढायचं. विकताना मात्र त्यांच्याही जाळीत वरचा थर लालबुंद आणि खालचा बारका असे. सगळेच तसं भरत, म्हणून कोणी कोणाला नावं ठेवत नसे.

ही सवय यार्डातून घरी आली, ती कायमच्या मुक्कामाला. पाहुणे सहज आले तरी 'यांचं काम काय असंल?' असं नाना बायकोच्या, कुसाबाईंच्या कानात पुटपुटायचे. पण सगळ्यात जास्त संशय मुलावर, योगेशवर. त्यानं मळा सोडला आणि मुंबई नाक्याजवळच्या एका मोटारींच्या शोरूममध्ये विक्रीच्या कामाला लागला. "दिवसभर गोड बोलून लोकांच्या गळ्यात गाड्या मारतो. घरी येऊन खरं बोलतो कशावरून?" नाना म्हणत. योगेश ऐकून घेई. कुसाबाईंना मात्र ते फार लागे. नवऱ्यानं एकदा तरी पोराच्या शब्दावर मान हलवावी, एवढंच त्या माउलीचं मागणं होतं.

दोन हजार चारच्या सुमारास मळ्याची एक कड रस्त्यात गेली आणि मोबदला हाती आला. लेक भाग्यश्री कळवणला दिलेली. तिच्याकडे एसटीत उभं राहून जाण्यापेक्षा गाडी घेऊ, असं ठरलं. घरचा मुलगा शोरूममध्ये असताना दुसरीकडे कुठे जाणार? नानांना नेमकं हेच खटकलं. पण कुसाबाईंनी हट्ट धरला, तेव्हा गेले.

शोरूममध्ये दोन गाड्या शेजारी उभ्या होत्या. एक साधी पांढरी. दुसरी नव्यानं आलेली स्पोर्ट्स मॉडेल, लाल, बसकी, अंगावर काळे पट्टे, शेपटीला पंख. तिची पेपरात पानभर जाहिरात आली होती. किंमत पांढरीपेक्षा लाखभरानं जास्त. मॅनेजर तिच्याभोवती फिरून गुण गात होते. नानांनी धोतर आवरलं, सरळ फरशीवर आडवे झाले आणि लाल गाडीखाली डोकं घातलं. मग पांढरीखाली. खालून दोन्ही काळ्याच. जाळीत हात घातला की फळ कळतं, लोखंडाचं काय कळणार? पण उठताना चेहरा असा, की सगळं उमगलंय.

तेवढ्यात मॅनेजर फोन घ्यायला आत गेले. योगेश वडिलांजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "नाना, पांढरी घ्या. इंजिन तेच हाय, गिअर तेच. जास्तीचे पैसे नुसत्या दिसण्याचे. लाल खड्ड्यात घासंल, आन् आईला तिच्यात उठता-बसता यायचं नाय."

नानांचे कान टवकारले. उभा जन्म यार्डात गेला, पण महाग माल सोडून स्वस्त माल पुढे करणारा माणूस त्यांना एकाच जातीचा भेटला होता. ज्याचा स्वस्त माल संध्याकाळपर्यंत नासणार असतो, तो. म्हणजे पांढरी पडून असणार. मालकानं सांगितलं असणार, बाप येतोय ना, मार त्याच्या गळ्यात. त्यांनी पांढरीच्या काचेवरून बोट फिरवलं. धूळ निघाली. आणखी काय पाहिजे?

"लाल काढा," नाना म्हणाले.

"नाना, माझं ऐका."

"तुझं ऐकूनच सांगतोय."

मॅनेजरांनी पेढे वाटले आणि योगेशची पाठ थोपटली. योगेशचा उतरलेला चेहरा बघून नानांना वाटलं, डाव बरोबर उधळला.

लाल गाडी प्रत्येक गतिरोधकावर पोट घासू लागली. कुसाबाईंना तिच्यातून बाहेर काढायला दोन माणसं लागत. तरी नाना म्हणत, "लाखभर जास्त घेतले, तर काहीतरी दिलं असंलच. आपल्याला सापडत नाय एवढंच." आणि ते एकेक बटण दाबून बघत.

दिवाळीत भाऊबंदातल्या केरूनं पांढरी घेतली. भाग्यश्रीच्या मुलाच्या बारशाला दोन्ही गाड्या मिळून कळवणला निघाल्या. वणीला एका गॅरेजपाशी थांबून दोघींची बॉनेटं उघडली. नानांनी या गाडीत वाकून पाहिलं, त्या गाडीत वाकून पाहिलं. गॅरेजवाला हसून म्हणाला, "काय शोधताय, नाना? दोन्हीला एकच सामान बसतं."

परत आल्यावर जेवताना नानांनी योगेशला विचारलं, "केरूला पांढरी कोणी सांगितली?"

"मी."

"आन् बाकीच्या गिऱ्हाइकाला?"

"त्यांला लालच दाखवतो. पगार त्याचाच खातो ना. वरचा थर दाखवायचा, हे तुमच्याकडूनच शिकलो." योगेशनं भाकरी मोडली. "खालचा थर फक्त घरच्या माणसाला दाखवला, नाना. केरूकाकांनी ऐकलं."

नानांचा घास हातातच राहिला. लाखभर गेल्याचं त्यांना काही वाटलं नाही. पोरानं मालकाची नजर चुकवून खरं सांगितलं आणि आपण काचेवरची धूळ बघत बसलो, या लाजेनं मात्र त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुसाबाईंनी योगेशच्या ताटात आणखी भाजी वाढली.

पुढच्याच महिन्यात यार्डात देवराम भेटला. त्यालाही गाडी घ्यायची होती. "नाना, तुमच्याकडं लाल हाय, म्हणून विचारतो. जास्तीचे पैसे वसूल व्हतात का?"

"नाय व्हत. पांढरी घे," नाना म्हणाले. "आमच्या योगेशला विचार. तो सांगंल ते खरं."

देवरामनं नानांकडे पाहिलं, मग त्यांच्या लाल गाडीकडे. गोटीरामनाना कोणाचं तरी खरं मानायला सांगतायत, हे काही त्याच्या पचनी पडेना. स्वतः लाल फिरवतात आणि दुसऱ्याला पांढरी घे म्हणतात, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

"देवराम, माझं ऐक," नाना कळवळून म्हणाले.

"तुमचं ऐकलं की," देवराम म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यात यार्डात लाल गाडी घेऊन आला.