पदराआडचा भाव: मनोरीच्या आगोट बाजारात एक दिवस

मनोरीला जायचं ठरलं ते माझ्या गंगूआत्यामुळे. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. नगरच्या पुढे, पाथर्डीच्या बाजूला आमचं गाव. तिथल्या आठवडी बाजारात आत्या कापडाचं पाल टाकून सुकट-बोंबील विकते. पावसाळ्यात भाजी परवडत नाही तेव्हा लोक सुकटीवर भाकरी खातात, आणि आत्याचं वर्षाचं पोट त्या चार महिन्यांवर चालतं. माल ती तालुक्याच्या एका व्यापाऱ्याकडून उचलायची. यंदा त्याने भाव इतका चढवला की तो माल विकून आत्याच्या हाताला नुसता वास उरला असता.

मग मे महिन्यात एके दिवशी बोचकं घेऊन ती कांदिवलीला आमच्या चाळीत उतरली आणि पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी अण्णांना म्हणाली, "नामा, जिथं बोंबील उगवतो तिथं मला घिऊन चल. माल न्हाई घावला तर यंदा पाल न्हाई माझं."

अण्णांच्या कारखान्यात रविवारचीही पाळी लागलेली. ते माझ्याकडे बोट दाखवून मोकळे झाले. "ही नेईल की. शिकलेली आहे."

आमच्या घराण्यात शाळेत गेलेली पहिली मी. त्यामुळे रेशन ऑफिस असो, सरकारी दवाखाना असो, नाहीतर एसटीचं रिझर्व्हेशन असो, सगळं माझ्या वाट्याला येतं. शिकलेला माणूसही वाट चुकतो, यावर घरात कोणाचा विश्वास नाही. मालाडच्या खाडीपलीकडची मनोरी मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. तळमजल्यावरच्या मालवणच्या काकू दरवर्षी तिथे आगोट भरायला जातात. आगोट म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर घरात करून ठेवायची बेगमी: सुकी मासळी, कांदे, मीठ, चिंच, वाल. त्यासाठी खाडीच्या कडेला महिनाभर बाजार बसतो आणि पहिल्या सरीबरोबर उठतो. काकूंनी वाट सांगितली आणि वर बजावलं, "भरतीची वेळ विचारून जा गो. नाहीतर चिखलातून चालशील."

मी वेळ विचारली. एकाला नाही, तिघांना. तिघांनी तीन वेळा सांगितल्या.

रविवारी सकाळी निघालो. सकाळच्या मालिकेसाठी चाळीतल्या एकुलत्या टीव्हीवाल्या खोलीसमोर चपलांचा ढीग पडला होता, त्यामुळे रस्ता मोकळा होता. तुम्ही जाणार असाल तर रविवारीच जा. मालाडपर्यंत सुखाने पोचता येतं. मालाड पश्चिमेला स्टेशनबाहेरूनच मार्व्याची बस मिळते. सुटे पैसे जवळ ठेवा. मी नोट पुढे केल्यावर कंडक्टरने ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, हिची मोड द्यायला मला बस विकावी लागेल." आत्याने कमरेची पिशवी सोडून सुटे काढले आणि त्याला विचारलं, "लेकरं किती तुला?" मार्वे येईपर्यंत त्याच्या धाकट्या मुलीच्या खोकल्यावर आत्याचा उपाय सांगून झाला होता.

मार्व्याच्या जेट्टीवरून पलीकडे जायला होडी असते. माणशी आठ आणे. आम्ही गेलो तेव्हा पाणी उतरलेलं होतं, म्हणजे तिघांपैकी एकही बरोबर नव्हता. चपला हातात घेऊन, फळ्यांवरून तोल सांभाळत होडीत चढलो. आत्याने चढता चढता होडीवाल्याला "जय भीम" घातला, आणि त्यानेही वल्ह्यावरचा हात उचलून हसत तो घेतला. मग ती काठाला टेकून खाडीकडे बघत राहिली. मला वाटलं, समुद्राच्या पाण्याविषयी काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "येताना गोण्या घिऊन ह्या फळ्यांवरनं उतरायचं कसं?" तेव्हापासून मलाही दुसरं काही सुचेना.

मनोरीच्या काठाला उतरलं की टांगेवाले गराडा घालतात. बाजारासाठी टांग्याची गरज नाही, तो जेट्टीपासून सुरूच होतो. बांबू रोवून, वर झावळ्या नाहीतर जुनी शिडं टाकून केलेल्या सावल्या, आणि प्रत्येक सावलीत एक बाई. पांढऱ्या कांद्यांच्या वेण्या टांगलेल्या. जाड्या मिठाचे ढीग, चिंचेचे गोळे, वसईकडची सुकेळी, म्हणजे केळ्याच्या पानात बांधलेली वाळवलेली केळी. ही जरूर घ्या, पण भाव आधी विचारा. मी नंतर विचारला. ताडगोळेवाल्या म्हाताऱ्याजवळ डझनभर सोलून घेतले तर तो एक वर टाकतो, आणि "पोराला दे" म्हणतो, पोर असो नसो.

मासळीवाल्या ओळीच्या मागेच वाळूत बांबूंची मोठी मांडणी होती आणि तिच्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. जोडीजोडीने, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. काही कडक, तपकिरी. काही त्याच सकाळी चढवलेले, ओले, पांढरे, आरपार दिसतील असे. आत्या त्या ओल्यांपाशी थांबली. चाळीस वर्षं बोंबील खाल्लेली, वीस वर्षं विकलेली बाई. तिने एकाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"ह्यो काय?"

"बोंबीलच, आत्या. ओला."

"गप बस. ह्यो तर शेंबूड हाय."

मागून कोणीतरी खो खो हसलं. वळून पाहिलं तर कानात सोन्याच्या जाड गाठ्या आणि गळ्यात क्रूस घातलेली, ठेंगणी, भरदार कोळीण. कत्रीनबाय तिचं नाव. वाळत घातलेला माल तिचाच, आणि पुढे सावलीत भरून ठेवलेल्या गोण्याही तिच्याच.

"ये गो बाय, बस हितं. कंच्या गावची तू?"

"पाथर्डीची."

"ती कंची वाडी?"

"नगर जिल्हा," मी मधे पडले. "रात्रभर एसटीने यावं लागतं."

आत्याने गोणीत कोपरापर्यंत हात घातला, तळातले बोंबील काढले, मोडून पाहिले, हुंगले. तिचा चेहरा मला ओळखता येतो. माल तिला पसंत होता, आणि पसंत असल्याचं ती कोणाला कळू देणार नव्हती. ओळीत आम्ही आधी दोन ठिकाणी पाहिलं होतं, तिथला माल ओलसर निघाला होता. म्हणजे घ्यायचा तर इथेच. बोलणी सुरू झाली. कत्रीनबायचं बोलणं आत्याला अर्धं कळत होतं, आत्याचं तिला पाव, आणि मधे मी दुभाषी. आत्या सुकट मागत होती. कत्रीनबाय म्हणत होती, सुकट नाय, जवला हाय. दोन्ही एकच, हे मी दोघींना समजावलं. इथवर सगळं नीट चाललं होतं.

मग कत्रीनबायने बोंबलाच्या गोणीचा भाव सांगितला. आत्याने नाक उडवलं. "यवढा? आमच्या तालुक्याला ह्याच्या निम्म्यात मिळतो."

"निम्म्यात कुठे, आत्या?" मी म्हणाले. "तो तर याच्या दीडपट घेतो. म्हणून तर आपण आलो ना?"

शपथेवर सांगते, विचार करून बोलले नाही. चुकीची गोष्ट कानावर पडली की माझं तोंड आपोआप उघडतं. शेजारच्या बायांचे हात थांबले. कत्रीनबाय गाठ्या हलेपर्यंत हसली. "ऐकलास गो? दीडपट!" आणि तिने तिथल्या तिथे भाव वाढवला.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. ते सावरायला मी कत्रीनबायकडे वळले. "पण बाई, मघाशी तुम्हीच शेजारणीला म्हणत होतात ना, पावसाआधी एवढ्या गोण्या खपल्या नाहीत तर कुजून जातील? मग वाढवता कशाला?"

आता कत्रीनबायचं हसू थांबलं. तिने आत्याला विचारलं, "ही पोर तुजी हाय का माजी?"

"कुनाचीच न्हाई," आत्या म्हणाली. "शाळंची हाय."

सगळी ओळ हसली. पण त्या हसण्याने दोघींचीही पंचाईत झाली. इतक्या जणींसमोर बोलून बसल्यावर कोण मागे येणार? "एक पैसा कमी नाय," कत्रीनबाय म्हणाली. "नको मला," म्हणत आत्या उठली आणि चालू लागली.

जेट्टीजवळ एक बाई अंगणात जेवायला घालते: भात, कालवण, तांदळाची भाकरी आणि तळलेले ओले बोंबील. पोटभर होतं आणि जेवण स्वच्छ आहे. पण त्या दिवशी मी भात नुसता चिवडत बसले. तालुक्याच्या व्यापाऱ्याचा भाव आत्याला झेपत नव्हता, इथला मी बिघडवून ठेवला होता. रिकाम्या हाताने गेली तर आषाढात तिच्या पालाच्या जागी दुसरं कोणीतरी बसेल. मी म्हणाले, "आत्या, मी जाऊन माफी मागू का?"

"तू नगंच काही मागू." तिने कुरकुरीत बोंबलाचा तुकडा तोंडात टाकला आणि डोळे बारीक केले. "अगं माय. तोंडात घातला आन् गेला कुठं?" तिने आणखी दोन मागवले. ते संपवून, हात धुऊन ती उठली. "चल. आन् आता खोकायचंबी न्हाई."

ती सरळ कत्रीनबायसमोर जाऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून. उजव्या हातावर पदर पसरला आणि झाकलेला हात पुढे केला.

कत्रीनबाय बघत राहिली. मग तिने आपला हात लुगड्याला पुसला आणि पदराखाली सारला.

मला काहीच कळेना. दोन बायका एकमेकींचा हात धरून बसल्या आहेत, वर हिरवा पदर, आणि पदराखाली उंदीर फिरावेत तशी हालचाल. कत्रीनबायने भुवया चढवल्या. आत्याने मान हलवली. कत्रीनबायने हात काढायला पाहिला, आत्याने सोडला नाही. "गोणीचं?" एकीने विचारलं. "गोणीचं," दुसरी म्हणाली. इतकेच शब्द. शेजारणी माना लांब करून बघत होत्या आणि त्यांनाही माझ्याइतकंच दिसत होतं, म्हणजे काहीच नाही. कोणी किती मागितलं, कोण किती उतरलं, कोणाला ठाऊक? हसायला कोणाला काही उरलंच नाही.

एकदा आत्याने हात सोडून दिला आणि दूर खाडीकडे पाहिलं. पण या वेळी कत्रीनबायनेच पदर उचलून हात आत घातला. पदर पुन्हा हलू लागला. मग दोघींनी एकदमच माना डोलावल्या, आणि कत्रीनबायने मोकळ्या हाताने आत्याच्या पाठीवर असा रट्टा दिला की तिचा पदर घसरला.

"हे कुटं शिकलीस गो?"

"बैलबाजारात. माझा मालक शेरडं इकायचा, म्या दावं धरून उभी राह्यची. तो गेल्यावर म्याच इकाया लागले. तू?"

"घाऊकवाले येतात ना, ते रुमालाखाली असाच भाव करतात. पन बाईनं हात पुडं केला तो आज पयलाच."

पुढच्या आगोटीला दोन गोण्या आत्यासाठी राखून ठेवायचं कत्रीनबायने आपणहून कबूल केलं. बोंबलाच्या गोण्यांचे आणि थोड्या जवल्याचे पैसे देताना आत्या माझ्याकडे पाठ करून बसली.

परतीची एक सूचना: गोण्या असतील तर बसचा विचार करू नका. भरती आल्यामुळे होडीतून उतरणं सोपं गेलं, पण मार्व्याला कंडक्टरने लांबूनच हात हलवला, "हा वास माझ्या बसमध्ये नको!" शेवटी एक रिक्षावाला तयार झाला. तो स्वतः वेंगुर्ल्याचा होता. मालाडपर्यंत येताना त्याने चारदा मोठा श्वास घेतला आणि "आई आठवली हो" म्हणाला. भाडं त्याने मीटरप्रमाणेच घेतलं, वर मूठभर जवला.

संध्याकाळी अण्णा कामावरून आले. गोण्या पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो "कितीला?" आत्याने पदर पसरून हात पुढे केला. अण्णा लहानपणी गावाकडच्या त्याच बैलबाजारात वाढलेले. त्यांनी हात आत घातला, क्षणभर थांबले, आणि "काय सांगतेस, अक्का!" म्हणून मोठ्याने हसले. आई म्हणाली, "बहीण-भावाची ही कसली थेरं?" तीही हसत होती. हसायची मी तेवढी राहिले.

"अण्णा, कितीला?"

"मला कशाला विचारतेस? तुझी आत्या बसली आहे."

मी आत्याजवळ जाऊन बसले. दिवसभराचं मनात साठलं होतं. म्हणाले, "आत्या, माझ्यामुळे आज तुझं पाल गेलं असतं."

"गेलं असतं," ती म्हणाली. तिने उगाच नाही म्हटलं नाही, याचं मला बरं वाटलं. "आन हात."

पदराखाली तिचा हात खरखरीत आणि गरम होता, बोंबलाचा वास येणारा. तिने माझी बोटं धरून शिकवलं: एक बोट धरलं तर काय, मूठ धरली तर काय, तळव्यावर नख टेकवलं तर अर्धं कसं होतं. मग तिने दुपारचा सगळा व्यवहार पहिल्यापासून माझ्या हातात पुन्हा केला. कत्रीनबाय कुठे अडली, आत्याने हात का सोडला, आणि शेवटी कुठे जुळलं. मी तोंड उघडलं. आत्याने माझा हात दाबला. मी मिटलं.

आत्या एसटीच्या टपावर गोण्या चढवून गावी गेली. मागच्या आठवड्यात तिच्या बाजाराहून आलेल्या एका पाहुण्याने सांगितलं, पाल टाकलं आहे आणि गिऱ्हाईक आहे.

तुम्ही मनोरीला जरूर जा. पाऊस पडायच्या आत जा, डोक्यावर काहीतरी घ्या, भरतीची वेळ होडीवाल्यालाच विचारा. बसचं, होडीचं, जेवणाचं सगळं मी खरं खरं सांगितलं आहे. बोंबलाच्या गोणीचा भावही मला माहीत आहे. तो हवा असेल तर घरी या, समोर बसा आणि हात पुढे करा. पदर माझा असेल.